बाळासाठी जुनं मराठी नाव: मनात ठरल्यापासून दाखल्यावर उतरेपर्यंत

"सगुणा? अगं, आमच्याकडे भांडी घासायला यायची ना, तिचं नाव सगुणा होतं!"

माझा सातवा महिना चालू होता. मामेसासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. नाव ऐकल्यावर जे पहिलं आठवलं ते त्या बोलून गेल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सगुणा हे माझ्या नवऱ्याच्या आजीचं नाव. ते आम्ही दोघांनी मनोमन पक्कं केलं होतं, आणि पहिल्याच जेवणात त्यावर पाणी पडलं असं वाटलं.

आमची सगुणा आता साडेचार वर्षांची आहे. मधल्या काळात दोन मैत्रिणींनी आणि माझ्या भावाने मला एकच प्रश्न विचारला: घरच्यांना न दुखावता जुनं नाव कसं ठेवलंत? न दुखावता असं झालं नाही, थोडं दुखलंच. पण काय आधी करावं, काय नंतर, कुठे ऐकावं आणि कुठे ऐकू नये, हे आता मला बरंच कळलं आहे. तेच क्रमाने लिहिते.

आधी कारण, मग नाव

नाव आवडलं एवढ्यावर थांबू नका. पुढचे काही महिने तुम्हाला "हेच का?" हा प्रश्न पन्नास वेळा येणार आहे, आणि कारण पक्कं नसेल तर तिसऱ्या फोनलाच माणूस ढिला पडतो.

आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच ओळ: हे का हवं. माझ्या दोन नावांपुढे मला काहीच लिहिता येईना. ती नुसती वेगळी वाटत होती, म्हणून यादीत होती. ती मी तिथेच खोडली. नवऱ्याच्या कागदावर सगुणापुढे लिहिलं होतं: "आजी शाळेत गेली नव्हती. अंक स्वतः शिकली. दाराच्या मागे कोळशाने दुधाचा हिशेब लिहायची." ती ओळ वाचली आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला.

नाव शोधायला पहिल्यांदा घरातच बघा. वंशावळ असेल तर ती, जुन्या पत्रिका असतील तर त्या, आणि गावाकडे जमीन असेल तर जुने सातबारा आणि फेरफार उतारे काढून वाचा. वारसनोंदींमध्ये पणज्या, चुलत आज्या यांची अशी नावं सापडतात जी घराच्या बोलण्यातून कधीच निघून गेलेली असतात, कारण त्यांना सगळे जन्मभर माई, अक्का, काकू म्हणत राहिले. आजोळी विचारताना "पणजीचं नाव काय होतं?" एवढंच विचारू नका, "माहेरचं नाव काय होतं?" तेही विचारा. लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळे एकेका बाईची दोन नावं असायची आणि पहिलं बहुधा हरवायचं. डॉक्टर आनंदीबाई जोशी 1865 साली जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव यमुना होतं. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. आपल्या घरातही अशी एखादी यमुना दडलेली असेल.

घराबाहेर बघायचं तर संतमंडळींच्या घरांसारखा खजिना नाही. चोखोबांची पत्नी सोयरा आणि बहीण निर्मळा. नामदेवांच्या घरात आई गोणाई, पत्नी राजाई, आणि त्याच घरात स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी जनाई. मुलांमध्ये सोपान, निवृत्ती, सावता, नरहरी. नद्यांची नावं आहेत: गोदा, कृष्णा, तापी, वारणा, इंद्रायणी. त्याहून मागे जायचं असेल तर सातवाहनांच्या काळात जा. नाणेघाटातला लेख नागनिका राणीशी जोडलेला आहे आणि नाशिकच्या लेण्यांमधल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णी राजाची आई गौतमी बलश्री भेटते. बलश्री हे नाव मी आजवर एकाही मुलीचं ऐकलेलं नाही, आणि ते किती सुरेख आहे!

अर्थ मात्र तपासून घ्या. बाळांच्या नावांच्या याद्या देणारी संकेतस्थळं निम्म्या नावांचा अर्थ "पवित्र" किंवा "देवाची देणगी" असाच देतात. त्यापेक्षा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. तिथे शब्द कुठून आला, कसा वापरला जायचा हे कळतं. पुढे कुणी "याला अर्थ तरी काय?" म्हणालं की तुमच्याकडे उत्तर असतं.

जुनं आहे म्हणून सगळंच घेण्यासारखं नसतं

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं ठेवली जायची. आधीची मुलं दगावलेली असायची, या तरी बाळाला दृष्ट लागू नये, मृत्यूने याच्याकडे वळून बघू नये, म्हणून आई-बाप मुद्दाम कमीपणाचं नाव द्यायचे. त्या नावाच्या तळाशी माया आहे. अशाच धाटणीचं धोंडो हे नाव घेऊन महर्षी कर्वे 104 वर्षं जगले आणि 1958 साली भारतरत्न झाले.

नकुसा हे नाव मात्र वेगळं. मुलीवर मुलगी झाली, नको होती, म्हणून नकुसा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा 280 हून जास्त मुलींना नवी नावं दिली. ही नावंही परंपरेतलीच होती. म्हणून प्रत्येक जुन्या नावाला एक प्रश्न विचारा: हे नाव ठेवणाऱ्याला हे मूल हवं होतं का? बाळाच्या काळजीपोटी ठेवलेलं नाव तुम्ही समजून-उमजून घरातलं लाडाचं नाव म्हणून जपू शकता. बाळ नको म्हणून ठेवलेलं नाव कितीही जुनं असो, ते तिथेच संपू द्या.

नाव तोंडात आणि कागदावर घासून बघा

पंधरा दिवस ते नाव घरात दोघांतच वापरा. पोटातल्या बाळाशी बोलताना, खरेदीची यादी करताना, भांडताना सुद्धा. दुसऱ्या खोलीतून मोठ्याने हाक मारून बघा. सगुणा, मंजुळा, यमुना या नावांची हाक लांबवता येते, कारण शेवटी आ आहे. घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, मुलाचं दोन किंवा चार अक्षरांचं असावं असं सांगितलं आहे. हे मी नियम म्हणून सांगत नाही. पण घरातल्या मोठ्यांपुढे कधी कधी हा एक आधार खूप कामी येतो.

मग पूर्ण नाव लिहा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. म्हणजे तीन नव्हे, चार शब्द एकापुढे एक येणार. "इंद्रायणी" किंवा "ज्ञानेश्वर" यापुढे अजून तीन शब्द लागल्यावर ते कसं वाजतं, दवाखान्यात पुकारा झाला तर कसं ऐकू येईल, ते मोठ्याने म्हणून बघा. मोठं नाव ठेवू नका असं नाही. फक्त आधी ऐका.

इंग्रजी अक्षरांत काय होतं तेही आधीच ठरवा. ळ तिथे नाही, त्यामुळे निर्मळाची निर्मला आणि मंजुळाची मंजुला होते. महाराष्ट्राबाहेर राहणार असाल तर ही हाक रोज दुरुस्त करायची तयारी हवी. ज्ञ चं आणखी अवघड. मराठी माणूस डी, एन, वाय लिहितो, आणि बाहेरचा माणूस ते वाचताना अडखळतो. चांगुणा मधला च आपण चमचातल्या च सारखा म्हणतो, हिंदी बोलणारा तो चहातल्या च सारखा म्हणेल. यातलं काहीही नाव सोडण्याएवढं मोठं कारण नाही, पण पहिल्या दिवसापासून एकच स्पेलिंग ठरवून तेच सगळीकडे लिहिलं तर पुढचा त्रास निम्म्याने कमी होतो.

आणि लाडाचं नाव तुम्हीच ठरवा. आपल्याकडे कुठलंच नाव अख्खं राहत नाही. पांडुरंगाचा पांड्या होतो, गणपतचा गण्या. आम्ही पहिल्याच दिवसापासून "सगू" म्हणायला लागलो, आणि दुसरं काही रुजायला जागाच उरली नाही. "बाई" आणि "राव" दाखल्यावर घालू नका. सगुणाच्या पुढे बाई लागायची ती वयाने आणि मानाने. बाळाला नुसतं नाव पुरतं.

मतं येतील तेव्हा: कान, मान आणि जखम

खरी कसोटी इथे आहे. सगळी मतं सारखी समजू नका. आमच्या अनुभवात ती तीन जागांहून येतात, आणि तिन्हींना उत्तर वेगळं लागतं.

सगळ्यात जास्त मतं कानाची असतात. "आजीबाईचं वाटतं." "गावाकडचं वाटतं." "शाळेत चिडवतील." अशी मतं देणाऱ्यांना नावाबद्दल खरं तर काही म्हणायचं नसतं. त्यांनी ते नाव लहान बाळाच्या तोंडाशी जोडून कधी ऐकलेलं नसतं, एवढंच. माझ्या वर्गात एकही मुक्ता नव्हती. माझ्या मुलीच्या बालवाडीत दोन आहेत. कानाला सवय लागते, आणि ती वाद घालून लागत नाही, ऐकून लागते. म्हणून कानाच्या मताशी भांडू नका. "हो, पहिल्यांदा ऐकलं की तसं वाटतं" म्हणा आणि पुढच्या वाक्यात ते नाव पुन्हा वापरा.

भांडी घासणाऱ्या बाईचा शेरा मात्र माझ्या मनातून जाईना. मला राग मामींचा आलाच, पण खरी टोच दुसरीच होती. मला तो शेरा लागला, म्हणजे मलाही कुठेतरी ते नाव खालचं वाटलं होतं का? आपल्याकडे नावांना वय, गाव, जात, पैसा हे सगळं चिकटलेलं असतं आणि आपण ते न बोलता ओळखतो. शहरात शिकलेल्या घरांनी नवी नावं घेतली, जुनी नावं कष्ट करणाऱ्या बायकांकडे राहिली, आणि मग ती नावंच हलकी वाटू लागली. हे एकदा नीट लक्षात आलं की पाय घट्ट होतो.

पुढच्या आठवड्यात मी मामींना फोन केला आणि विचारलं, "मामी, तुमच्याकडच्या त्या सगुणाबाई कशा होत्या हो?" त्या आधी गप्प झाल्या. मग वीस मिनिटं बोलत होत्या. धाकट्या मुलाच्या वेळी मामींना बाळंतज्वर झाला होता, तेव्हा सगुणाबाईंनी महिनाभर बाळाला न्हाऊ-माखू घातलं होतं. स्वतःची दोन मुलं शेजारी ठेवून यायच्या. दिवाळीला मामींनी दिलेली साडी त्यांनी लेकीच्या लग्नापर्यंत घडी न मोडता ठेवली होती. शेवटी मामी म्हणाल्या, "फार चांगली होती गं बाई. मी तिचं आडनावसुद्धा कधी विचारलं नाही." त्यानंतर त्यांनी नावाबद्दल एक शब्द काढला नाही. तेव्हापासून मी हेच सांगते: कुणी म्हणालं "या नावाची एक बाई होती", तर तिच्याबद्दल विचारा. बहुतेक वेळा त्या नावामागे एक माणूस निघतो आणि आक्षेप मागे पडतो.

दुसरी मतं मानाची. वन्संचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, विरोध सगळ्यात कडक होता. त्यांनी "अन्वी", "शनाया" अशी दहा नावं पाठवली होती आणि आम्ही एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. मी समजत होते त्यांना सगुणा आवडत नाही. नवऱ्याने एकटं बसून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव आत्या ठेवते. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही." त्यांचं म्हणणं खरं होतं. नाव बदलण्याची गरज नव्हती, आत्याचा मान द्यायचा राहिला होता. आम्ही चूक कबूल केली, आणि सांगितलं की बाळाच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं, पाळणा तुम्हीच निवडायचा, आणि घरात हाक मारायला एक नाव तुमच्या आवडीचं. आजही त्या तिला "अनू" म्हणतात. सगुणा त्या हाकेलाही ओ देते.

विरोध नावापेक्षा जास्त तापलेला दिसला की बहुधा तो मानाचा असतो. तिथे अर्थ आणि इतिहास सांगत बसू नका. कुणाला विचारायचं राहिलं, कुणाचं नाव आधीच्या नातवंडाला मिळालं आणि कुणाचं मिळालं नाही, ते बघा. बऱ्याच घरांत आई आणि वडील या दोन्हीकडच्या आज्यांमध्ये हा ताण असतो. एका बाजूचं नाव ठेवत असाल तर दुसऱ्या बाजूला बारशात किंवा लाडाच्या नावात खरी जागा द्या, नुसती तोंडदेखली नको.

तिसरं मत जखमेचं, आणि हे ऐकायचंच. आमच्या यादीत सगुणाच्या आधी मंजुळा होतं. मला ते फार आवडत होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या "छान आहे" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून गेले तर ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या, हातात कोरडं फडकं. म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी मंजुळा होती. आठ महिन्यांची गेली. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल." माझ्या नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं. "तुम्ही ठेवा, मी काही म्हणत नाही," असंही त्या म्हणाल्या. आम्ही ते नाव त्याच दिवशी सोडलं. कानाच्या विरोधासाठी मी कधीच सोडलं नसतं, पण ज्या हाकेने घरातलं एक माणूस दर वेळी आतून हलेल ती हाक मला नको होती. त्या संध्याकाळी त्या तासभर आपल्या मंजुळेबद्दल बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं त्यांनीच सांगितलं.

जखमेचं मत बोलण्याआधी थबकतं, आवाज चढवत नाही. म्हणून जे गप्प झालेत त्यांना एकेकट्याने विचारा.

एक अट मात्र वेगळीच आहे. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला नाव मनापासून नको असेल तर ते ठेवू नका. बाकी सगळ्यांची समजूत काढता येते. हे मत त्यात धरायचं नाही.

अक्षर वेगळं आलं तर

आमचं बाळ रोहिणीच्या दुसऱ्या चरणावर जन्मलं, अक्षर आलं "वा". लगेच फोन सुरू झाले की आता सगुणा चालणार नाही.

इथे थोडी माहिती असली की बोलणं शांतपणे होतं. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, 108 अक्षरं. त्यात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. या अक्षरांनी मराठीत नाव सुरूच होत नाही. म्हणजे नावरसाचं, त्या अक्षरावरून येणारं नाव आणि रोजच्या हाकेचं नाव एकच असलं पाहिजे असं परंपरेनेही कधी धरलं नव्हतं. बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात तेव्हाही कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी वेगवेगळी नावं लिहायची रीत आहे. आम्ही पत्रिकेत "वासंती" लिहिलं, व्यवहारात सगुणा. गुरुजींनी एका वाक्यात मान्य केलं. तुमच्या घरी अक्षराचा आग्रह असेल तर पत्रिका काढणाऱ्यांनाच सगळ्यांसमोर विचारा. तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांचं म्हणणं घरात लवकर पोचतं.

हयात माणसाचं नाव ठेवू नये, असंही बऱ्याच घरांत मानतात. तसं असेल तर त्या आजीला किंवा आजोबांनाच विचारा. ते खूश असतील तर बाकीच्यांचा प्रश्न उरत नाही.

सांगायचं कधी आणि कसं

आम्ही चुकलो ते इथे. सातव्या महिन्यात, बारा माणसांच्या पंगतीत, "कसं वाटतं?" असं विचारून नाव सांगितलं. प्रश्न विचारला की उत्तर येणारच, आणि बारा माणसांची बारा उत्तरं येणार.

आधी फक्त त्यांना सांगा ज्यांच्याकडे जखम किंवा मान असू शकतो: दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या. एकेकट्याला, समोर बसून, आणि कारणासकट. "आम्ही सगुणा ठेवतोय, आजीच्या आठवणीसाठी. तुमच्या मनात काही असेल तर आत्ताच सांगा." इथे त्यांचं खरंच ऐकायचं असतं, म्हणून बदलायला वेळ हाताशी ठेवा. बाकी सगळ्यांना नाव बारशालाच कळू द्या. पाळण्यातल्या बाळाकडे बघत नाव ऐकलं की आणि पंगतीत नुसतं ऐकलं की, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांचं मतदान घेऊ नका. तिथे सगळ्यांना सगळं दिसतं, आणि एकदा मांडलेलं मत मागे घेणं माणसाला जड जातं.

आपापल्या माणसांशी आपण बोलायचं. माझ्या आईची नाराजी मी ऐकली, वन्संची नवऱ्याने. सुनेने सासरी नाव रेटलं असं चित्र एकदा तयार झालं की मग ते नावाबद्दल राहत नाही.

तरी कुणी पुन्हा पुन्हा तेच काढलं, तर कारण एकदाच सांगा. दुसऱ्यांदा "ठरलंय आता, काकू" एवढं पुरे. तिसऱ्यांदा विषय बदला. दर वेळी नवं कारण देऊ नका. जितकी कारणं द्याल तितक्या जागा खोडायला मिळतात.

दाखला

नावासाठी घाई करणाऱ्यांचं हत्यार म्हणजे "एकवीस दिवसांत द्यावं लागतं!" हे नीट समजून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार 21 दिवसांची मुदत जन्माची खबर द्यायला आहे, नावाला नाही. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं: नोंदणीपासून 12 महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी कुणी अर्ज घेऊन उभं राहिलं आणि नाव पक्कं नसेल, तर ती जागा कोरी ठेवा.

उलट एकदा नाव नोंदलं की आवडीनुसार बदलणं सोपं नाही. लेखनातली चूक दुरुस्त होते, पण वेगळं नाव हवं म्हटलं तर राजपत्रात प्रसिद्धीपर्यंतच्या फेऱ्या लागतात. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखलाच शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी अशा कामांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. त्यावर जे उतरेल ते जन्मभर सोबत राहणार.

आमच्या वेळी रुग्णालयाच्या अर्जावर नातेवाइकांपैकी कुणीतरी मदत म्हणून "सगूणा" लिहून ठेवलं होतं, गु दीर्घ. सही करताना नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. अर्ज स्वतः भरा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने एकेक अक्षर बोटाने दाखवत दोघांनी वाचा, ऱ्हस्व-दीर्घ, ळ-ल, श-ष सगळं. दाखला हातात आल्यावर खिडकीपासून हलण्याआधी पुन्हा वाचा.

नंतरचे दिवस

बारशाला "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, वन्संनी कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि घुगऱ्या वाटेपर्यंत अर्धं घर "सगुणा" म्हणायला लागलं होतं. उरलेल्या अर्ध्याला सहा महिने लागले. त्या काळात कुणी दुसऱ्याच नावाने हाक मारली तर हसून "सगुणा, बघ कोण आलंय" म्हणा, आणि एवढ्यावरच थांबा.

चिडवण्याची भीती खरी आहे. पण मुलं कुठल्याही नावाचं काहीतरी करतात. ज्या मुलाला आपल्या नावाची गोष्ट माहीत असते ते त्याला वेगळं सामोरं जातं. म्हणून गोष्ट लवकर सांगा, दोन-अडीच वर्षांपासून. आणि ती लिहूनही ठेवा, कारण सांगणारी माणसं कायम नसतात. सासूबाईंकडून ऐकून मी एका वहीत सगुणा आजीबद्दल आठ पानं लिहिली आहेत: कुठल्या गावची, मुलं किती, काय आवडायचं, कशाची भीती वाटायची.

गेल्या महिन्यात बाईंनी वर्गात प्रत्येकाला आपल्या नावाबद्दल सांगायला लावलं. सगू उभी राहून म्हणाली, "मी सगुणा. आधी एक मोठी सगुणा होती. ती दारावर लिहायची." घरी आल्यावर तिने कोळसा मागितला. आमच्याकडे कोळसा नव्हता, म्हणून खडू दिला. आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पाच तिरक्या रेघा आहेत, आणि सासूबाई कुणाला ते दार पुसू देत नाहीत.